कॅमकॉर्डरचं एचडी फुटेज लॅपटॉपवरून डिस्कवर कसं घ्यायचं

फुटेज डिस्कवर घ्यायचं म्हटलं की बहुतेकजण आधी सॉफ्टवेअर शोधायला लागतात. पहिला प्रश्न सॉफ्टवेअरचा नसतोच. ही डिस्क शेवटी कुठल्या प्लेअरमध्ये लागणार, हे आधी ठरवायचं. तेवढं ठरलं की डिस्क कोणती, रायटर कोणता, फुटेज पुन्हा एन्कोड (म्हणजे दाबून नव्या स्वरूपात) करावं लागणार की नाही, हे सगळं ओघाने ठरत जातं. आणि पुन्हा एन्कोड करणं जिथे टळत असेल तिथे ते टाळायचंच. दर एन्कोडला चित्राचा कस थोडा उतरतो, शिवाय लॅपटॉप तासन्‌तास अडकून पडतो तो वेगळाच.

डिस्क कोणती घ्यायची

पहिला पर्याय साध्या डीव्हीडी-व्हिडिओचा. ती कुठल्याही प्लेअरवर चालते, पण ती एचडी नसते. डीव्हीडीचं चित्र ७२० × ५७६ चं असतं (६० हर्ट्‌झच्या पद्धतीत ७२० × ४८०), म्हणजे १९२० × १०८० च्या चित्रातल्या पिक्सेलपैकी जेमतेम एक पंचमांश उरतात. बघणाऱ्याकडे जुना डीव्हीडी प्लेअरच असेल तर दुसरा इलाज नाही.

दुसरा पर्याय एव्हीसीएचडी डिस्कचा. एव्हीसीएचडी म्हणजे बहुतेक एचडी कॅमकॉर्डर ज्यात चित्रीकरण करतात ते स्वरूप. साध्याच डीव्हीडीवर एचडी फुटेज ब्लू-रेसारख्या फोल्डर-रचनेत लिहायचं. त्यासाठी ब्लू-रे रायटर लागत नाही, लॅपटॉपचा साधा डीव्हीडी रायटर पुरतो. मात्र ही डिस्क डीव्हीडी प्लेअरवर चालत नाही. ब्लू-रे प्लेअर लागतो, तोही एव्हीसीएचडी वाचणारा. प्लेअरच्या पुढच्या पट्टीवर किंवा माहितीपुस्तिकेत तो लोगो आहे का ते बघून घ्या.

तिसरा पर्याय खऱ्याखुऱ्या ब्लू-रे डिस्कचा. रायटर वेगळा घ्यावा लागतो, कारण डीव्हीडीचा लेसर ६५० नॅनोमीटरचा लाल असतो आणि ब्लू-रेचा ४०५ नॅनोमीटरचा जांभळट-निळा. डीव्हीडी रायटरला सॉफ्टवेअर बदलून ब्लू-रे लिहिता येणार नाही. पण जागा भरपूर, बिटरेटची (दर सेकंदाला लागणाऱ्या डेटाची) ओढाताण नाही आणि प्लेअरची कुरबुरही सर्वांत कमी.

आता मापं. डीव्हीडी-आर ४.७ जीबीची, दुहेरी थराची डीव्हीडी ८.५ जीबीची, बीडी-आर (एकदाच लिहिता येणारी ब्लू-रे डिस्क) २५ जीबीची आणि तिची दुहेरी थराची ५० जीबीची. विंडोजमध्ये हेच आकडे अनुक्रमे ४.३७, ७.९५, २३.३ आणि ४६.६ असे दिसतात. डिस्कवर हजाराच्या पटीत मोजलेला आकडा छापतात आणि विंडोज १०२४ च्या पटीत मोजतं, म्हणून हा फरक. फोल्डरचा आकार विंडोजमध्ये ४.५ जीबी दिसतोय आणि डिस्कवर ४.७ लिहिलंय म्हणून मावेल, असं समजू नका. नाही मावत.

किती फुटेज मावेल याचा हिशेब सोपा आहे: मिनिटं गुणिले ६०, गुणिले बिटरेट (एमबीपीएसमध्ये, म्हणजे सेकंदाला किती मेगाबिट), भागिले ८. उत्तर एमबीत येतं. समजा, ७० मिनिटांचं फुटेज १७ एमबीपीएसने घेतलंय. ७० × ६० × १७ ÷ ८ म्हणजे ८,९२५ एमबी, जवळपास ८.९ जीबी. दुहेरी थराच्या डीव्हीडीतही ते मावत नाही, बीडी-आरवर मात्र अर्ध्याहून जास्त जागा रिकामी राहते. याच बिटरेटला एका साध्या डीव्हीडीवर जेमतेम ३५ मिनिटं बसतात. एव्हीसीएचडी डिस्क हा लहान कार्यक्रमांचा मार्ग आहे तो यामुळेच. तासाभराहून जास्त फुटेज असेल तर डीव्हीड्यांची चळत करत बसण्यापेक्षा एक बीडी-आर बरी.

बिटरेटची आणखी एक मर्यादा आहे आणि ती बऱ्याचजणांना नडते. डीव्हीडीवरच्या एव्हीसीएचडीला कमाल १८ एमबीपीएसची मर्यादा आहे. कॅमेऱ्याचा सर्वांत वरचा दर्जा २४ एमबीपीएसचा असतो आणि १०८० पी ५० किंवा ६० मध्ये (सेकंदाला ५० किंवा ६० पूर्ण फ्रेम) २८ पर्यंत जातो. असं फुटेज जसंच्या तसं डीव्हीडीवर लिहिलं तर डिस्क बर्न होते, लागतेही, पण पाणी, पानं, गर्दी असं भरपूर हलणारं काही आलं की चित्र अडखळतं. डिस्क आधीच हातात असेल आणि शूटिंग अजून व्हायचं असेल, तर कॅमेरा १७ एमबीपीएसच्या दर्जावर ठेवलेला बरा. पुढचं एन्कोडिंग वाचतं.

रायटर, वायर आणि चार्जर

हल्लीच्या लॅपटॉपला ऑप्टिकल ड्राइव्ह नसतोच, त्यामुळे यूएसबीचा बाहेरचा ड्राइव्ह आला. बारीक, खिशात मावणारे ड्राइव्ह यूएसबीतूनच वीज घेतात, आणि अर्ध्यात फसणाऱ्या बर्नमागे पुष्कळदा हीच वीज असते. यूएसबी २ चं पोर्ट ५०० मिलिअँपिअर देतं, यूएसबी ३ चं ९००. लिहिताना लेसर आणि मोटर मिळून काही क्षण त्याहून जास्त ओढतात. म्हणून ड्राइव्ह थेट लॅपटॉपच्या पोर्टला जोडायचा, हबला नाही. सोबत दोन तोंडांची वाय-केबल आली असेल तर दोन्ही तोंडं लावायची. स्वतःचा अडॅप्टर असलेला मोठा ड्राइव्ह मिळत असेल आणि बर्निंग वारंवार करायचं असेल, तर तोच घ्यावा.

लॅपटॉप चार्जरवर ठेवा. पॉवर सेटिंगमध्ये स्लीप बंद करा आणि झाकण मिटल्यावर ‘काहीही करू नका’ हा पर्याय निवडा. बर्न चालू असताना कुणी सहज झाकण मिटलं की ती डिस्क गेलीच. ऑटोमॅटिक अपडेट तेवढ्यापुरते थांबवा.

हार्ड डिस्कवर मोकळी जागा डिस्कच्या तिप्पट हवी: एक हिस्सा मूळ फुटेजला, एक तयार फोल्डरला, एक आयएसओ फाइलला (अख्ख्या डिस्कची एका फाइलीतली प्रत). २५ जीबीच्या बीडी-आरला म्हणजे ७५ जीबी. बाहेरची हार्ड डिस्क वापरत असाल तर ती एनटीएफएस किंवा एक्सफॅटमध्ये फॉरमॅट केलेली पाहिजे. फॅट३२ वर ४ जीबीपेक्षा मोठी एक फाइल राहत नाही, आणि आयएसओ त्याहून मोठीच होणार.

डिस्कबद्दल एक पारख सांगून ठेवतो. बीडी-आरमध्ये दोन जाती असतात. साधी बीडी-आर अकार्बनी थराची असते आणि ‘एलटीएच’ लिहिलेली डीव्हीडीसारख्या सेंद्रिय रंगाची. एलटीएच काही जुन्या प्लेअरना वाचताच येत नाही. स्वस्त मिळाली तरी घरगुती चित्रीकरणासाठी नको. डीव्हीडीत जुन्या प्लेअरसाठी डीव्हीडी-आर जास्त भरवशाची. आणि पहिल्या प्रयोगाला बीडी-आरई किंवा डीव्हीडी-आरडब्ल्यू वापरा, चुकलं तर पुसून पुन्हा लिहिता येते.

कॅमेऱ्यातून फुटेज काढताना

कार्ड रीडर असेल तर कार्ड काढून त्यातूनच कॉपी करा, ते सगळ्यांत कमी कटकटीचं. कॅमेऱ्याच्या आतल्या मेमरीत फुटेज असेल तर यूएसबीने जोडा आणि कॅमेऱ्याच्या स्क्रीनवर संगणक-जोडणीचा पर्याय निवडा. काही कॅमेरे बॅटरीवर असताना जोडणी देतच नाहीत, त्यांना अडॅप्टर लावावा लागतो.

कार्डावर ‘प्रायव्हेट’ फोल्डरमध्ये ‘एव्हीसीएचडी’, त्यात ‘बीडीएमव्ही’ आणि त्यात ‘स्ट्रीम’ असं घरात घर असतं. चित्रफिती स्ट्रीममध्ये ‘एमटीएस’ या शेपटीने असतात. लोक त्या तेवढ्या उचलतात आणि बाकीचं टाकून देतात. तसं करू नका. ‘प्रायव्हेट’ हा अख्खा फोल्डर कॉपी करा. कारण असं की सलग लांब शॉट कॅमेरा एका फाइलीत ठेवत नाही. कार्डाच्या फाइल सिस्टिममुळे तो कॅमेऱ्यानुसार साधारण २ किंवा ४ जीबीला फाइल तोडतो आणि पुढची सुरू करतो. हे तुकडे एकाच शॉटचे आहेत ही नोंद बाजूच्या ‘क्लिपइन्फ’ आणि ‘प्लेलिस्ट’ या फोल्डरांत असते. ती नोंद नसली की एडिटिंग सॉफ्टवेअर तुकडे सुटे धरतं आणि सांध्यावर आवाज क्षणभर गायब होतो. चित्रात काही कळत नाही, पण भाषण किंवा गाणं चालू असेल तर कानाला लगेच लागतं.

कॅमेऱ्यासोबत येणारं सॉफ्टवेअर, म्हणजे सोनीचं प्लेमेमरीज होम किंवा पॅनासोनिकचं एचडी रायटर, हे तुकडे नीट जोडून देतं. त्याचं रूप जुनाट असलं तरी इम्पोर्टपुरतं ते वापरावं. मॅकवर ‘एव्हीसीएचडी’ फोल्डर एकच बंद फाइल असल्यासारखा दिसतो, त्यावर राइट क्लिक करून ‘शो पॅकेज कन्टेन्ट्स’ घेतलं की आतलं दिसतं.

टेपवाल्या एचडीव्ही कॅमेऱ्यांचं प्रकरण वेगळं. तिथे फायरवायरच्या वायरने टेप चालवतच घ्यावी लागते, तासाभराच्या टेपला तासच लागतो, आणि बहुतेक नव्या लॅपटॉपना ते पोर्टच नसतं. यूएसबी-फायरवायर अशी साधी जोडपिन घेऊन काम होत नाही. थंडरबोल्टचा अडॅप्टर किंवा पोर्ट असलेला जुना लॅपटॉप लागतो. एचडीव्हीचा आवाज एमपीईजी लेअर २ चा असतो आणि ब्लू-रेला तो चालत नाही, म्हणून तो एसी-३ या डॉल्बीच्या ऑडिओ-प्रकारात बदलावाच लागतो.

छोट्या ८ सेंटिमीटरच्या डिस्कवर घेणारा कॅमेरा असेल तर ती डिस्क आधी कॅमेऱ्यातच फायनलाइझ करा, म्हणजे लिहिणं संपवून इतर ड्राइव्हना वाचण्याजोगी करा. आणि लॅपटॉपचा ड्राइव्ह ट्रे नसलेला, फटीतून डिस्क ओढून घेणारा असेल, तर त्यात ही छोटी डिस्क चुकूनही घालू नका. ती आत अडकते आणि ड्राइव्ह उघडल्याशिवाय निघत नाही.

फाइल तपासा, मग ठरवा

मीडियाइन्फो हे मोफत सॉफ्टवेअर उघडा आणि एक क्लिप त्यात टाका. चार गोष्टी बघायच्या: रिझॉल्यूशन, फ्रेम रेट, स्कॅन टाइप आणि ऑडिओचा प्रकार.

ब्लू-रेच्या मानकात १९२० × १०८० चं चित्र इंटरलेस्ड (प्रत्येक फ्रेम एकाआड एक रेघांच्या दोन फील्डमध्ये वाटलेली) ५० किंवा ६० फील्डचं, नाहीतर २४ फ्रेमचं प्रोग्रेसिव्ह (पूर्ण फ्रेमचं) चालतं. ५० आणि ६० फ्रेमचं प्रोग्रेसिव्ह फक्त १२८० × ७२० ला चालतं. म्हणजे १०८० आय ५० चं (‘आय’ म्हणजे इंटरलेस्ड, ‘पी’ म्हणजे प्रोग्रेसिव्ह) एच.२६४ पद्धतीने दाबलेलं फुटेज आणि एसी-३ आवाज असेल, जे बहुतेक एव्हीसीएचडी कॅमेऱ्यांचं असतं, तर ते जसंच्या तसं जातं. पण २०११ मध्ये आलेल्या एव्हीसीएचडी २.० पासूनचे कॅमेरे १०८० पी ५० देतात आणि ते ब्लू-रेच्या मानकात बसत नाही. टीव्हीच्या यूएसबीवर तीच फाइल सुरेख चालते म्हणून लोक डिस्कही चालेल असं गृहीत धरतात. काही प्लेअर खरोखर चालवतात, पण दुसऱ्याच्या घरचा प्लेअर चालवेल याचा भरवसा नाही.

अशा फुटेजचं १०८० आय ५० किंवा ७२० पी ५० करायचं. १०८० आय मध्ये प्रत्येक फ्रेमचं एक फील्ड होतं, म्हणून हालचाल सेकंदाला ५० टप्प्यांची तशीच गुळगुळीत राहते आणि बारकावेही टिकतात. घरगुती फुटेजला तेच घ्यावं. खेळाचं फुटेज असेल आणि मध्येमध्ये थांबवून बघायचं असेल तर ७२० पी बरं, थांबवलेल्या चित्रावर कंगव्यासारख्या रेघा येत नाहीत.

४के कॅमेऱ्याचं फुटेज १०८० वर उतरवायचं. मूळ ४के जपायचं असेल तर ते फाइल म्हणून बीडी-आरवर डेटासारखं लिहून ठेवा. एमपी४ फाइलींत आवाज बहुधा एएसीमध्ये असतो, तो ब्लू-रेला चालत नाही, बदलावा लागतो.

एन्कोड न करता ब्लू-रे किंवा एव्हीसीएचडी फोल्डर

काटछाट करायची नसेल आणि फुटेज मानकात बसत असेल तर टीएसमक्सर हे छोटं मोफत सॉफ्टवेअर पुरतं. ते चित्राला हात लावत नाही, फक्त डिस्कच्या रचनेत मांडून देतं. त्यामुळे तासाभराचं फुटेज काही मिनिटांत तयार होतं, आणि तो वेळही हार्ड डिस्कच्या वेगावर अवलंबून असतो, प्रोसेसरवर नाही.

‘अ‍ॅड’ दाबून पहिली क्लिप घ्या. पुढच्या क्लिपा ‘अ‍ॅड’ने नाही, ‘जॉइन’ने घ्यायच्या, क्रमाने. ‘अ‍ॅड’ने घेतल्या तर सॉफ्टवेअर त्या समांतर ट्रॅक समजतं आणि डिस्कवर पहिलीच क्लिप दिसते. नव्याने करणाऱ्यांचा इथेच घोटाळा होतो. जोडायच्या सगळ्या क्लिपांचं रिझॉल्यूशन, फ्रेम रेट आणि आवाजाचे चॅनेल एकसारखे हवेत. अर्धं फुटेज ५.१ आवाजात आणि अर्धं स्टिरिओत असेल तर जोडणी फसते किंवा सांध्यानंतर आवाज बंद पडतो. अशा वेळी दोन वेगळ्या डिस्क करा, नाहीतर आवाज सारखा करून घ्या.

खालच्या ट्रॅकच्या यादीत चित्र आणि आवाज दोन्ही टिक केलेले असू द्या. लेव्हल बदलण्याचा पर्याय तसाच सोडा. आउटपुटमध्ये बीडी-आरसाठी ‘ब्लू-रे फोल्डर’ आणि डीव्हीडीसाठी ‘एव्हीसीएचडी फोल्डर’ निवडा. ब्लू-रेच्या टॅबमध्ये दर ५ मिनिटांनी चॅप्टर टाकण्याचा पर्याय आहे, तो ठेवाच. मेन्यू नसलेल्या डिस्कवर रिमोटने पुढे उडी मारायला तेवढाच आधार. मग ‘स्टार्ट मक्सिंग’. शेवटी ‘बीडीएमव्ही’ आणि ‘सर्टिफिकेट’ असे दोन फोल्डर तयार होतात. सर्टिफिकेट रिकामा दिसला तरी फेकू नका, काही प्लेअर तो नसला तर डिस्क ओळखत नाहीत.

मेन्यू हवाच असेल तर मल्टीएव्हीसीएचडी हे जुनं पण कामाचं मोफत सॉफ्टवेअर आहे, किंवा मेन्यू बनवणारं एखादं विकतचं. विकतच्यात एक गोष्ट तपासायची: स्मार्ट रेंडरिंग आहे का. ते असेल तर कापलेल्या जागेभोवतीचाच भाग एन्कोड होतो, बाकीचा जसाच्या तसा जातो.

एन्कोड करावंच लागलं तर

एडिटिंग सॉफ्टवेअरमध्ये ब्लू-रेचा प्रीसेट असेल तर तोच घ्या आणि बिटरेटशिवाय काही बदलू नका. प्रीसेट नसेल तर एच.२६४, हाय प्रोफाइल, लेव्हल ४.१, १९२० × १०८०, इंटरलेस्ड, टॉप फील्ड फर्स्ट. बिटरेट सरासरी २५ आणि कमाल ३५ एमबीपीएस. ब्लू-रेला चित्रासाठी ४० पर्यंत चालतं, पण काठावर जाऊन मिळवण्यासारखं काही नाही. कीफ्रेमचं (पूर्ण चित्र साठवणाऱ्या फ्रेमचं) अंतर एका सेकंदाच्या आत हवं, म्हणजे २५ फ्रेमच्या फुटेजला जास्तीत जास्त २५. ऑनलाइन व्हिडिओसाठीच्या प्रीसेटमध्ये हे अंतर कितीतरी मोठं असतं आणि त्या फाइली प्लेअरवर अडखळतात किंवा पुढे-मागे करताना गोठतात. आवाज एसी-३, ४८ किलोहर्ट्‌झ, ४४८ केबीपीएस. एव्हीसीएचडी डीव्हीडीसाठी बाकी सारं तेच, फक्त सरासरी १५ आणि कमाल १७ एमबीपीएस.

फ्रेम रेट कॅमेऱ्याचाच ठेवा. ६० फील्डच्या फुटेजचं ५० करायला जाऊ नका, पॅन करताना (कॅमेरा आडवा फिरवताना) चित्र धक्के खातं आणि ते नंतर कशानेही जात नाही.

एन्कोडिंगच्या वेळी लॅपटॉप तापतो. गादीवर किंवा उशीवर ठेवला तर खालची हवा कोंडते, प्रोसेसर स्वतःच वेग उतरवतो आणि दोन तासांचं काम चार तास चालतं. टणक पृष्ठभागावर ठेवा. एन्कोडिंग आणि बर्निंग एकाच वेळी चालवू नका.

साध्या डीव्हीडीसाठी

डीव्हीडीस्टाइलर मोफत आहे आणि मेन्यूही बनवतं. इथे चित्र एमपीईजी-२ मध्ये एन्कोड होणारच, टळत नाही. चित्राचा कमाल बिटरेट ९.८ एमबीपीएस आहे, पण ८ च्या वर गेलं की जुने प्लेअर बर्न केलेली डिस्क वाचताना दमतात. एका थराच्या डीव्हीडीवर ६० मिनिटांना ८, ९० मिनिटांना साधारण ६.३ आणि १२० मिनिटांना ४.७ एमबीपीएस धरा. दोन तासांच्या पुढचं एका डिस्कवर कोंबलं की हलणाऱ्या चित्रात चौकोन दिसायला लागतात, त्यापेक्षा दोन डिस्क करा. आस्पेक्ट रेशो १६:९ ठेवा, तो ४:३ राहिला तर माणसं उभट, लांबुडकी दिसतात.

डीव्हीडीचं चित्र बिघडतं ते बहुतेकदा आकार लहान करताना. इंटरलेस्ड चित्रात एकाआड एक रेघा वेगवेगळ्या क्षणांच्या असतात. सॉफ्टवेअरने ते ध्यानात न घेता १०८० रेघांच्या ५७६ केल्या तर दोन क्षण एकमेकांत मिसळतात आणि हलणाऱ्या वस्तूभोवती करवतीचे दात दिसतात. प्रोजेक्टची सेटिंग इंटरलेस्ड, टॉप फील्ड फर्स्ट अशीच आहे ना, हे बघा. जुन्या डीव्ही कॅमेऱ्यांचे प्रीसेट बॉटम फील्ड फर्स्ट असतात. ते चुकून लागले तर पॅनमध्ये चित्र पुढे-मागे थरथरतं. लॅपटॉपच्या स्क्रीनवर हे कळत नाही, टीव्हीवरच कळतं.

बर्न करताना

विंडोजवर इमगबर्न हे बर्निंगचं सॉफ्टवेअर वापरा. २०१३ नंतर त्याची नवी आवृत्ती नाही, पण काम चोख करतं. इन्स्टॉल करताना सोबत भलतंसलतं काही चिकटत असेल तर टिक काढत जा. विंडोज एक्स्प्लोररमधून फोल्डर डिस्कवर टाकायच्या भानगडीत पडू नका. तिथे विंडोज विचारतं की डिस्क यूएसबी ड्राइव्हसारखी वापरायची का. त्याला हो म्हटलेली डिस्क प्लेअरला कळत नाही.

थेट डिस्कवर लिहिण्यापेक्षा आधी आयएसओ करा. इमगबर्नमध्ये ‘क्रिएट इमेज फाइल फ्रॉम फाइल्स/फोल्डर्स’ घ्या. ‘बीडीएमव्ही’ आणि ‘सर्टिफिकेट’ हे दोन फोल्डर यादीत थेट टाका. ते ज्या बाहेरच्या फोल्डरमध्ये आहेत तो टाकायचा नाही, नाहीतर डिस्कवर एक घर जास्तीचं होतं आणि प्लेअर ‘डेटा डिस्क’ म्हणून मोकळा होतो. फाइल सिस्टिम यूडीएफ, रिव्हिजन २.५०. बीडीएमव्ही दिसलं की इमगबर्न बहुधा स्वतःच हे बदलण्याबद्दल विचारतं, त्याला होकार द्या. साध्या डीव्हीडी-व्हिडिओला मात्र यूडीएफ १.०२ आणि आयएसओ ९६६० असं जोडीने लागतं, तेही इमगबर्न ओळखून लावतं.

तयार आयएसओवर विंडोज ८ पासून पुढे डबल क्लिक केलं की ती ड्राइव्हसारखी उघडते. व्हीएलसीमध्ये ‘ओपन डिस्क’, ब्लू-रे, मेन्यूशिवाय, असं करून चालवून बघा. सुरुवात, शेवट आणि प्रत्येक सांधा ऐका. इथे चूक सापडली तर डिस्क वाया जात नाही.

मग ‘राइट इमेज फाइल टू डिस्क’. वेग फार वरचा नको आणि अगदी तळाचाही नको. १६एक्सच्या डीव्हीडीला ८एक्स, ६एक्सच्या बीडी-आरला ४एक्स. ‘जितकं सावकाश तितकं चांगलं’ हे जुन्या डिस्कच्या काळातलं आहे. आताच्या डिस्कचा थर वेगासाठीच बनवलेला असतो, अगदी हळू लिहिल्याने तो सुधारत नाही. ४एक्सला २५ जीबी साधारण २३ मिनिटांत लिहून होतं. ड्राइव्हने बीडी-आरवर दोष-व्यवस्थापन चालू ठेवलं असेल तर लिहिता लिहिता तपासणी होते आणि वेळ दुप्पट लागतो. ड्राइव्ह बिघडला म्हणून घाबरू नका.

‘व्हेरिफाय’ टिक केलेलं असू द्या. तेवढाच वेळ पुन्हा जातो, पण डिस्क खरंच वाचता येते का हे त्यातूनच कळतं. व्हेरिफाय शेवटच्या टप्प्यात, म्हणजे डिस्कच्या बाहेरच्या कडेला अडखळत असेल तर वेग एक पायरी उतरवा किंवा डिस्कचा गठ्ठा बदला. सुरुवातीलाच ‘पॉवर कॅलिब्रेशन’ची तक्रार आली तर ड्राइव्हला ती डिस्क झेपत नाही. वायर आणि पोर्ट बदलून बघा, मग दुसऱ्या कंपनीची डिस्क. तरीही तेच असेल तर लेन्स मळलेली किंवा लेसर थकलेला.

मॅकवर इमगबर्न चालत नाही. तिथे आयएसओ तयार असेल तर फाइंडरमधून राइट क्लिक करून डिस्क इमेज बर्न करता येते. लिनक्सवर के३बी.

लॅपटॉपवर चालते, प्लेअरवर चालत नाही

ही तक्रार सगळ्यांत जास्त येते. क्रमाने बघा. डिस्क फायनलाइझ झाली आहे का? फोल्डर मुळाशीच आहेत का? एव्हीसीएचडी डीव्हीडी असेल तर प्लेअर ती वाचतो का? बीडी-आर एलटीएच तर नाही? फुटेज १०८० पी ५० तर राहिलं नाही? चित्र येतं पण आवाज नाही, तर आवाज एएसी किंवा एमपीईजीमध्ये राहिलाय. चित्र दोन्ही बाजूंनी दाबल्यासारखं अरुंद दिसतं, तर फुटेज १४४० × १०८० चं आहे. त्याचे पिक्सेल आडवे ताणून दाखवायचे असतात आणि एडिटिंगमध्ये ते चौकोनी धरले गेलेत.

हे सगळं ठीक असेल तर डिस्कची खालची बाजू उजेडात तिरकी धरा. ब्लू-रेचा डेटाचा थर पृष्ठभागापासून फक्त ०.१ मिलिमीटर आत असतो, डीव्हीडीचा ०.६. म्हणून डीव्हीडीवर खपून जाणारा बोटाचा ठसा ब्लू-रेला नडतो. मऊ सुती कापडाने मधून कडेकडे सरळ पुसा, गोल गोल नाही. गोल ओरखडा डेटाच्या वळणाबरोबरच जातो आणि एकाच ठिकाणचं खूप काही नासवतो.

डिस्कवर नाव लिहायला मऊ टोकाचा, पाण्याच्या शाईचा डिस्क मार्कर घ्या. कागदी लेबल चिकटवू नका, तोल जातो आणि डिस्क वेगात फिरताना थरथरते. नावासोबत फुटेजचा प्रकारही लिहा, ‘१०८० आय ५०, एव्हीसीएचडी डीव्हीडी’ असा. दोन वर्षांनी ती कुठल्या प्लेअरमध्ये घालायची हे त्यावरूनच कळतं.

कार्ड रिकामं करण्याआधी मूळ ‘प्रायव्हेट’ फोल्डर हार्ड डिस्कवर पूर्ण उतरलाय ना, हे दोन्हीकडचा आकार जुळवून बघा. मग कार्ड कॅमेऱ्यातच फॉरमॅट करा, लॅपटॉपवर नाही. लॅपटॉपवर केलं की कॅमेऱ्याची फोल्डर-रचना आणि क्लिपांची नोंदवही जाते, आणि काही कॅमेरे पुढच्या वेळी रेकॉर्ड दाबल्यावर कार्डाची तक्रार करत बसतात.